अंगठ्याएवढा खळगा

२ जुलै

चाळीस मिनिटांत दहा हजार वर्षं उरकली आणि तेवढ्यात टोस्ट जळला. नोला म्हणाली, दहा हजार वर्षं बघणाऱ्या बाईला दोन मिनिटांचा टोस्ट दिसत नाही होय. ओळख होऊन एक दिवस झाला नाही आणि ही भाषा! पण बोलली ते खरंच होतं, म्हणून जळका टोस्ट गुपचूप खाल्ला.

माझं कामच तसं आहे. संगणकात एक विहीर उभी करायची, तिच्या घशात सिमेंटचं बूच बसवायचं, खालून कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि किती वर्षांत बूच कुजतं ते बघत बसायचं. या कुरणांखाली दीड किलोमीटरवर एक जुनं वायूचं क्षेत्र आहे, उपसून रिकामं झालेलं. आता कारखान्यांचा धूर गाळून त्यातला कार्बन डायऑक्साइड तिथे पुरायचा बेत आहे. जुन्या सहा विहिरींपैकी पाचांचा निकाल लागला. उरली मॅकलीश-तीन, एकोणऐंशी साली बूच मारून बुजवलेली. ३१ ऑगस्टपर्यंत मी सही करून सांगायचंय की हे बूच टिकेल. सही झाली की पंप सुरू. नोलाच्या नळाला येणारं पाणी ही विहीर असलेल्या कुरणातल्याच कूपनलिकेचं आहे, आणि गार्थच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, दोनशे गाई तेच पितात.

माझा साहेब फ्रेझर मेलबर्नमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकतो. त्यानेच शोधून काढलं, की इथल्या सगळ्या विहिरींचं सिमेंट ज्याने केलं त्या मर्व्ह ट्रेविनची बायको मागची खोली भाड्याने देते. "रोवेना, तिच्याकडून काही जुने कागद मिळतायत का बघ." मिळत नाहीत. मर्व्ह जाऊन अकरा वर्षं झाली. कागदांचं विचारलं की नोला ताकास तूर लागू देत नाही, चहा पुढे करते.

आणखी एक लिहून ठेवते, कारण कुणाला सांगितलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी क्वीन्सलँडमधल्या एका विहिरीवर मी अशीच सही केली होती. दोन वर्षांत शेजारच्या तळ्यात बुडबुडे आले. इजा कुणाला झाली नाही. पण तेव्हापासून सहीसाठी पेन उचललं की माझी बोटं गार पडतात.

६ जुलै

स्ट्रॉबेरीच्या वाफ्याला दगडांची कड आहे असं मी समजत होते. आज वाकून पाहिलं तर दगड नव्हेतच. सिमेंटचे पेले! कागदी पेल्यात ओतून घट्ट झालेले, कागद कधीच गळून गेलेला, बुडाशी खिळ्याने कोरलेलं विहिरीचं नाव आणि तारीख. चाळीस मोजले.

नोलाने सांगितलं ते असं. विहिरीत माल सोडताना सिमेंटवाला एक पेला भरून बाजूला काढायचा. खाली अंधारात काय चाललंय ते कुणाला दिसतंय? पेल्यात दिसतं. पेला गाडीच्या काचेपाशी ठेवायचा आणि शेजारी बसून राहायचं. मधूनमधून नख लावायचं. नख रुतलं तर थांब. नख ओरखडलं तरी थांब. नख घसरलं, की सिमेंटने धरलं, मग पुढचं काम. मर्व्ह म्हणे सांगायचा, आम्हाला पगार माल कालवायचा मिळत नाही, वाट बघायचा मिळतो.

मी प्रत्येकावरून नख फिरवून बघितलं. प्रत्येकाच्या डोक्यावर बारीकसा ओरखडा आहे. मर्व्हच्या नखाचा. मॅकलीश-तीनचा मात्र सापडला नाही. विचारलं, तर नोला म्हणाली की असेल कुठेतरी, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. सगळ्यात नवा पेला जुलै ऐंशीचा. नंतर मर्व्हने ते काम सोडलंच. मूल झालं, घराकडे ओढ लागली असणार. समजण्यासारखं आहे.

११ जुलै

सकाळपासून धुकं. खिडकीतून फक्त गाईंच्या पाठी दिसत होत्या, खाली पाय नाहीतच. समुद्र चार किलोमीटरवर आहे पण त्याचा आवाज जमिनीतून येतो, चुनखडीच्या पोकळ्यांमधून, कुणी मोठ्ठं माणूस झोपेत कूस बदलतंय असा. अशा दिवशी माझं मॉडेल मला जास्त खरं वाटतं आणि मी स्वतः कमी.

धुणीघरात मशीन थांबायची वाट बघत उभी होते. दाराच्या मागे एका खिळ्याला कॅलेंडरं टांगलीत, एकावर एक, ऐंशी सालापासूनची. फेकायची म्हणून काही पद्धतच नाही या घरात. चाळत बसले. दरवर्षी २३ ऑगस्टला गोल आणि 'गार्थ'. त्याचा वाढदिवस. आणि त्या चौकटीच्या कोपऱ्यात बारीक आकडा. ऐंशीला ९६. एक्याऐंशीला ९१. नव्वदला ४०. नव्व्याण्णवला ७. मग १, आणि पुढे दरसाल शून्य, थेट गेल्या वर्षीपर्यंत. नोलाला विचारलं. म्हणाली, "मर्व्हचं खूळ." वाढदिवसाला सशांची शिकार करत असावा. वय वाढलं तसा नेम गेला बिचाऱ्याचा.

१५ जुलै

नोला भांडी घासताना अंगठी काढून खिडकीतल्या एका सिमेंटच्या गोळ्यावर ठेवते. त्याला वर बरोब्बर अंगठ्याएवढा खळगा आहे, त्यात अंगठी अशी बसते की जणू तिच्यासाठीच केलाय. मी भांडी पुसत होते. तिने विचारलं, तुझं ते बूच कुजतं म्हणजे नक्की काय होतं?

मला असं कुणी विचारलं की मी सुटतेच. सांगितलं: कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरला की सोडावॉटर. सोडावॉटर सिमेंटला खातं. पण गंमत अशी की आधी खात नाही, आधी भरतं. सिमेंटमधल्या चुन्याची चुनखडी होते आणि ती बारीक छिद्रं बुजवून टाकते. मागून सोडावॉटर येतच राहिलं, तर मात्र ती चुनखडीही धुऊन जाते, आणि उरतं ते चहात बुडवलेलं बिस्किट.

"आणि भेग असली तर?" नोला.

तेच तर सगळं. पाणी भेगेतून रमतगमत गेलं, तर वाटेत चुनखडी सोडत जातं आणि भेग आपली आपण मिटते. घाईत गेलं, तर सगळं खरवडून नेतं आणि भेग रुंदावत जाते.

"किती वर्षांत मिटते?"

मी म्हटलं, भेगेची रुंदी कळल्याशिवाय कसं सांगणार. तिने आणखी खोदून खोदून विचारलं. मिटली की परत उघडते का? वरून कळतं का? या वयात इतकी जिज्ञासा! आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना एवढे प्रश्न पडत नाहीत.

२० जुलै

सकाळी उठता उठता स्वप्न पडलं. मी बुचाच्या आत होते, राखाडी, कोमट. आजूबाजूला चुन्याचे स्फटिक, आणि खालून पाणी येत होतं, इतकं हळू की एका थेंबाला यायला माझं सगळं आयुष्य लागलं असतं. मला अजिबात भीती वाटली नाही. वाटलं, बसावं इथेच.

जाग आली तर बाहेर बेडूक 'बाँक, बाँक' करत होते आणि फ्रेझरचे अकरा निरोप. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

२७ जुलै

गार्थ सकाळी दारात. मला 'डॉक्टर' म्हणतो आणि दरवेळी एखादी गाय दाखवतो. आजची लंगडत होती. मी म्हटलं, सिमेंटची असती तर सांगितलं असतं. तो म्हणाला, मग तुमचा उपयोग काय, आणि तिथेच चहा प्यायला बसला. बोलतो कमी, पण बसतो खूप वेळ.

कुरणाबद्दल विचारलं. म्हणाला, बाप चांगली नोकरी करत होता. ऐंशी साली काय डोक्यात आलं, ती सोडली आणि मॅकलीशकडून हे पाणथळ रान घेतलं. फुकट दिलं तरी कुणी घेत नव्हतं. सगळं गाव हसलं. गुडघाभर चिखलात गाई ओढण्यात माझं बालपण गेलं.

मी सहज म्हटलं, पुढच्या महिन्यात वाढदिवस ना तुमचा? तो कप फिरवत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडे केक दुपारी कापतात. सकाळी बाप घरात नसायचा. एकही वर्ष नाही. बाकी तीनशे चौसष्ट दिवस माणूस अंगणातून हलायचा नाही, आणि माझ्या वाढदिवशी उजाडलं की गायब. लहान होतो तेव्हा वाटायचं, माझं काहीतरी चुकलंय." नोला ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिने नळ मोठा सोडला.

शिकारीचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण गिळलं. सशांसाठी मुलाला टाकून जाणारा बाप! मेल्या माणसाचा राग येऊन काय करायचं, पण आला.

४ ऑगस्ट

कागद मिळाला. सरकारी दप्तरात धूळ खात पडला होता, फ्रेझरच्या माणसाने उकरला. मॅकलीश-तीन, २२ ऑगस्ट १९७९. मालाचं प्रमाण, पाणी, सगळं उत्तम. 'पकडीसाठी थांबलो: बारा तास. पेला कडक.' खाली एम. ट्रेविन.

बारा तास म्हणजे पुस्तकी काम. आकडे भरून मॉडेल पळवलं: दहा हजार वर्षांत बूच तीन मीटर कुजतं, आणि बूच साठ मीटरचं आहे. फ्रेझर फोनवर गायलाच लागला. मीही हसले. बोटं चक्क गार पडली नाहीत. नोलाला म्हटलं, मर्व्हने काम चोख केलं होतं. तिने मान हलवली आणि भोपळ्याच्या सूपमध्ये दुसऱ्यांदा मीठ घातलं. जेवायला आलेल्या गार्थसकट तिघांनीही खारट सूप मुकाट्याने खाल्लं.

७ ऑगस्ट



नोला बाजाराला वॉरनम्बूलला गेली होती. मी भांडी घासली आणि खिडकी पुसायला म्हणून तो सिमेंटचा गोळा उचलला. बुडाशी खिळ्याची अक्षरं. मॅकलीश ३. २२-८-७९.

महिनाभर माझ्या नाकासमोर होता. वरचा खळगा मी मुद्दाम केलेला समजत होते, अंगठीसाठी. आता माझा अंगठा त्यात घातला. आत रेषा आहेत. अंगठ्याच्या रेषा, पार पेरापर्यंत. चाळीस पेल्यांवर नखाचे ओरखडे, आणि याच्यात आख्खा अंगठा रुतलेला. म्हणजे मर्व्हने दाबून बघितलं तेव्हा माल लोण्यासारखा होता. बारा तास तर सोडाच, तीनही झाले नसतील. आणि त्यानंतर त्या कच्च्या सिमेंटवर पुढची टोळी काम करून गेली. कच्चं सिमेंट असं हललं की पाइपापासून सुटतं. कडेने केसासारखी फट राहते.

कागद खोटा आहे. माझी दहा हजार वर्षं त्या कागदावर उभी आहेत.

नोला परत आली तेव्हा मी गोळा जागेवर ठेवला होता. तिने पिशव्या ठेवल्या, हात धुतले, अंगठी काढून त्यात ठेवली. मग मी बघतेय असं तिला वाटलं नसावं, तिने स्वतःचा अंगठा त्या खळग्यात घालून क्षणभर तसाच ठेवला. नवऱ्याचा हात म्हणून जपलाय तिने तो. मी कोणत्या तोंडाने बोलू?

१२ ऑगस्ट

चार दिवस मॉडेलमध्ये फट घालून बसलेय. पाव केसाएवढी फट असेल, तर काही वर्षांत मिटते. केसाएवढी असेल, तर उघडतच जाते आणि नव्या दाबाखाली नळाच्या पाण्यात वायू येईल. मधल्या कोणत्या रुंदीची आहे ते जगात कुणालाही माहीत नाही. जमिनीखाली पाइप कापून, माती टाकून, वर लोखंडी पाटी ठोकलेली विहीर; आत बघायची सोयच नाही.

फ्रेझरला अर्धंच सांगितलं, पेल्याचं नाव न घेता. त्याने थंडपणे विचारलं, बारा तास लिहिलेत ना? मग बारा. तू नाही केलीस तर दुसरं कुणी सही करेल. आणि करेल, ते मला ठाऊक आहे. ते दुसरं कुणी इथलं पाणी पीत नाही.

मी मात्र आज तीन पेले प्यायले. चुन्याची चव येते. चांगलं आहे.

१८ ऑगस्ट

पुन्हा धुणीघर, पुन्हा मशीन. डोकं रिकामं होतं म्हणून कॅलेंडरं चाळली. ९६, ९१, ४०, ७, १, ०. पहिल्यांदा घाईत उतरणारा, मग रेंगाळणारा, मग सपाट. ही रेघ मी गेले दहा दिवस पडद्यावर बघत होते. मिटत जाणाऱ्या भेगेची रेघ. मीच काढलेली!

आणि आणखी एक, जे मला महिन्यापूर्वीच दिसायला हवं होतं. मर्व्ह अकरा वर्षांपूर्वी गेला. शून्यं थांबली नाहीत. त्या वर्षापासून अक्षर बदललंय. शून्य जरा लांबट, नोलाच्या किराण्याच्या यादीत असतं तसं.

ओले कपडे तसेच सोडून स्वयंपाकघरात गेले. कॅलेंडर टेबलावर ठेवलं, शेजारी पेला. म्हटलं, "बुडबुडे आहेत ना हे?"

नोलाने हात पुसले. मग खुर्ची ओढून बसली आणि सगळं सांगितलं, वळणावळणाने नव्हे, सरळ. बाळ तीन आठवडे आधी यायला निघालं. विहिरीवर वायरलेसने निरोप गेला. मर्व्ह पेल्यापाशी बसलेला, बारातले अडीच तास झालेले. त्याने अंगठा दाबला. रुतला. दुसरं माणूस नव्हतं सोपवायला. त्याने कागदावर बारा तास लिहिलं, पेला खिशात घातला आणि गाडी काढली. इस्पितळात पोचला तेव्हा नखांत सिमेंट होतं. बाळाला हातात घ्यायच्या आधी बायकोच्या कानात म्हणाला, "मी ते सोडून आलोय गं."

पुढच्या हिवाळ्यात तो बघायला गेला, तर पाटीवरच्या डबक्यात बुडबुडे. मिनिटाला शहाण्णव. नोकरी सोडली. ते कुरण घेतलं. दोनदा पत्र लिहिलं सरकारला आणि दोनदा फाडलं. घरात पाणी मुद्दाम तिथलंच आणलं, म्हणाला, काही व्हायचं असेल तर आधी आपल्याला होऊ दे. कोरड्या वर्षी दोन कॅन पाणी वाहून न्यायचा आणि डबक्याचा खळगा भरून मोजायचा. चोवीस वर्षांनी पहिलं शून्य आलं त्या दिवशी घरी येऊन रडला. का थांबलं ते दोघांनाही कळलं नाही. "तू भांडी पुसताना सांगितलंस तेव्हा कळलं," नोला म्हणाली. "इतकी वर्षं मी समजत होते, देवाला दया आली. ते पाणी सावकाश चाललं होतं होय."

मी रागावलेच. म्हटलं, नोला, अहो, दीड महिना मी तुमच्या नळाचं पाणी पितेय, तुमच्यासमोर डोकं फोडून घेतेय, आणि तुम्ही गप्प! हे आकडे म्हणजे मला हवी असलेली एकमेव गोष्ट आहे. यांच्यावरून फटीची रुंदी निघते. हे अहवालात जायलाच हवेत.

ती म्हणाली, ते मला समजतंय. पण आकडे गेले की कारण जाणार. आणि कारण गार्थ आहे. "त्याच्या जन्मापायी बापाने विहीर बिघडवली, नोकरी घालवली, चिखल विकत घेतला. कुठल्या आईने हे पोराला सांगावं? मर्व्हने वचन घेतलंय माझ्याकडून."

 मग म्हटलं, त्याला आत्ता काय वाटतं ते त्याने सांगितलंय तुमच्यादेखत. तुम्ही नळ सोडलात.

हे बोलायला नको होतं बहुतेक. ती उठून माझे कपडे वाळत घालायला गेली.

२० ऑगस्ट

नोला बोलत नाही. जेवण मात्र गरम मिळतं. आकड्यांवरून हिशेब मांडला. फट साधारण अर्ध्या केसाची. इथल्या जुन्या वायूतच कार्बन डायऑक्साइड भरपूर होता, म्हणजे जे आपण आता करणार ते या बुचाने पंचेचाळीस वर्षं सोसलंय. मॉडेलला विचारलं, मिटायला किती? ते म्हणालं तेवीस. मर्व्ह म्हणतो चोवीस. मी खुर्चीत मागे रेलून हसत सुटले. माझ्या आयुष्यात मॉडेल आणि जग इतकं जवळ कधी आलं नव्हतं, आणि हे मी कुणालाही दाखवू शकत नाही.

नोलाने नाही म्हटलं तर सही करणार नाही, हे ठरवलं. मग फ्रेझर काय करायचं ते करो.

२३ ऑगस्ट

सकाळी सातला नोला बूट घालून दारात. हातात पेला, पाव गुंडाळावा तसा फडक्यात गुंडाळलेला. मला म्हणाली, चल. गार्थला फोन केला होता. तो दूध काढून थेट आला, अंगाला गाईंचा वास, आणि तोंडावर 'आता काय' असा भाव.

धुकं होतं. तिघं एका ओळीत चाललो. पाटीपाशी डबकं भरलेलं, त्यात पांढरं आभाळ जसंच्या तसं. नोला म्हणाली, तुझा बाप तुझ्या वाढदिवसाला इथे यायचा. आणि मग सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. रडली नाही. पेला त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, हा त्याचा अंगठा.

गार्थने पेला उलटा करून तारीख वाचली. मग त्याने विचारलं, "मोजायला किती वेळ लागायचा?"

"एक मिनिट."

"मग दुपारपर्यंत काय करायचा?"

"बसून राहायचा. घरी यायला धजत नव्हता. तू विचारशील, कुठे होतास, आणि त्याला खोटं बोलता येत नव्हतं. एकदाच बोलला होता, कागदावर."

गार्थने अंगठा त्या खळग्यात घातला. त्याचा हात मोठा आहे, पूर्ण गेला नाही. "म्हणजे तो माझ्यासाठी निघून आला होता," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला. "आणि मी पंचेचाळीस वर्षं..."  नोलाने त्याच्या बाहीला धरलं. मी गाईंकडे बघत उभी राहिले, कारण माझी तिथे काही गरज नव्हती आणि निघून जाता येत नव्हतं.

मग त्याने घड्याळ काढलं आणि डबक्याशी गुडघ्यावर बसला. मिनिट झालं. दोन झाली. पाणी हललं नाही. तो तसाच बसून होता. नोला आणि मी घरी आलो, केक केला. तो दुपारी आला.

कॅलेंडरवर आज त्याचं शून्य आहे. चांगलं मोठं, गोल.

३० ऑगस्ट

सही केली. एक अट घालून: वायू हळू सोडायचा, दाब मी लिहिलाय त्यावर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे खालचं पाणी घाई करणार नाही. दाब वाढवायचा असेल तर माझी सही बाद. अहवालाला कॅलेंडरांचे फोटो जोडले आणि बारा तासांच्या जागी अडीच लिहिलं, कारणासकट. फ्रेझर म्हणाला, अंगठा आणि कॅलेंडर? लोक हसतील. म्हटलं, हसू देत, वाचतील तरी. बोटं गार पडली होती. पण केली सही.

प्रयोगशाळेला पेला हवाय, कापून बघायला. मी नोलाला विचारायला घाबरत होते. तिने स्वतःच फडक्यात बांधून दिला. मग भांडी घासायला उभी राहिली, अंगठी काढली, आणि खिडकीत ठेवायला जागाच नाही. अंगठी हातात धरून तशीच उभी.

गार्थने ते पाहिलं. तडक गोठ्यात गेला, सिमेंटचं पोतं फोडलं, कागदी पेल्यात माल कालवून आणला. खिडकीत ठेवला. अंगठा दाबला, काढला. रेषा नीट उमटल्या. मी म्हटलं, झालं की. तो म्हणाला, झालं कसं, आणि खुर्ची ओढून पेल्यापाशी बसला.

चहा तिथेच घेतला. दूध काढायची वेळ झाली तेव्हा उठून गेला, आणि हात धुऊन परत त्याच खुर्चीत. आता संध्याकाळ होत आलीय. मी शेजारच्या खोलीत हे लिहितेय आणि मधूनमधून नोलाचा आवाज ऐकू येतोय.

"धरलं का रे?"

"अजून नाही."